उपवासातली कलेजी

तोंड धुताना माणूस पडत नाही. म्हातारपणी कोणी जिन्यावरून पडतं, कोणी बर्फावरून घसरतं, प्लमच्या झाडावरून पडणारे तर गावात दर साली दोन निघतातच. पण पायाखाली सपाट फरशी, हातात साबण, डोळे मिटलेले आणि बाई आडवी, असं कोसाराबाईंच्या सासरी-माहेरी कोणाचं झालेलं नव्हतं. त्या पडल्या त्या बादलीसकट. पाणी पार चुलीखाली गेलं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या कोसाराबाईंनी फरशीवर बसल्या बसल्या आधी दाराकडे पाहिलं, कोणी बघितलं तर नाही ना म्हणून. मग त्यांचं त्यांनाच हसू आलं. बघायला घरात होतं कोण? नवरा विदोसाव नऊ वर्षांपूर्वी गेला. मुलगा नेनाद व्हिएन्नात, नाताळ आणि ईस्टरला फोन करणारा. पडलं तरी आपणच पडायचं आणि हसायचं तरी आपणच.

चार दिवसांत आणखी दोनदा पडल्यावर त्या गुपचूप बस धरून शहरातल्या डॉक्टरकडे गेल्या. डॉक्टर टकला होता, पण स्वभावाने बरा.

"पाय जुळवून उभ्या राहा. हं. आता डोळे मिटा."

कोसाराबाईंनी डोळे मिटले आणि झाड कोसळावं तशा डॉक्टरच्या अंगावर गेल्या.

"नऊ वर्षांत कोणा पुरुषाच्या गळ्यात पडले नव्हते," त्या सावरत म्हणाल्या. "आणि पडायचंच असतं तर जरा केसवाला बघितला असता."

रक्त तपासलं. बी-बारा म्हणून एक जीवनसत्त्व असतं, ते कोसाराबाईंच्या अंगात औषधाला उरलं नव्हतं. डॉक्टरने समजावलं की पाय कुठे आहेत ते डोक्याला कळेनासं झालंय. डोळे उघडे असले की डोळे सांगतात, मिटले की सांगणारं कोणी नाही.

"मांस, अंडी, दूध किती दिवसांत खाल्लं नाही?"

"दिवस काय विचारता? बुधवार-शुक्रवार नाही. चार मोठ्या उपवासांत नाही. उरलेल्या दिवसांत एकटीसाठी कोण चूल पेटवतं? पाव आणि घेवडा."

"तेच भोवलंय. वर वयाने पोटाचं शोषणही कमी झालंय. आठवड्याला दोन इंजेक्शनं, रोज अंडं, दिवसाआड कलेजी. आणि हातात काठी."

"कलेजी?" कोसाराबाई किंचाळल्या. "डॉक्टर, सोमवारी ईस्टरचा मोठा उपवास सुरू होतोय!"

आता ही गोष्ट नीट समजून घ्या. कोसाराबाईंचा उपवास म्हणजे गावाचा वजनकाटा. त्या बुधवार-शुक्रवारी तेलसुद्धा वर्ज्य करत, नुसतं पाण्यात उकडलेलं खात, आणि कोण काय खातं याचा हिशेब तोंडपाठ ठेवत. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी चर्चच्या पायरीवर, सगळ्यांदेखत, कुंपणापलीकडच्या मिलुंकाला विचारलं होतं, "मिलुंका, हनुवटीला पिवळं काय गं लागलंय? उपवासात मोहरीची चटणी एवढी पिवळी नसते!" ते अंडं होतं. त्या दिवसापासून मिलुंका कुंपणावरून "रामराम"पुरती बोले, पण उंबरा ओलांडत नसे. बाकीच्या बायकाही हळूहळू यायच्या थांबल्या. वजनकाट्यावर रोज उठून कोण उभं राहील?

कोसाराबाई पाद्री गाव्रिलोकडे गेल्या. वयाने नातवाएवढा, पण दाढी भरघोस.

"आजी, आजाऱ्याला उपवास नसतो. कलेजी खायची, ही माझी आज्ञा समजा."

"समजले. पण गावाला समजू देऊ नका."

"त्यात लपवण्यासारखं काय आहे?"

"बाबा, तुम्ही शहरातले. चाळीस वर्षं मी ज्यांचे चमचे मोजले, ते सगळे माझा तवा हुंगायला येतील."

झालं. उपवासाच्या पहिल्याच आठवड्यात कोसाराबाईंनी भरदुपारी खिडक्या लावल्या, पडदे ओढले, दाराच्या फटीत फडकं कोंबलं आणि कलेजी परतली. खाल्ली ती ख्रिस्ताच्या तसबिरीकडे पाठ करून. तवा लपवायचा कुठे, तर पाव भाजायच्या भट्टीत. काठी तर त्यांनी हातातही धरली नाही. काठी म्हणजे गावभर दवंडी. त्याऐवजी त्या कुंपणाचे खांब धरत धरत चालत, या खांबावरून त्या खांबावर, आणि मधे खांब नसला की झोकांडी खात पलीकडच्या भिंतीला जाऊन टेकत. चर्चमध्ये सगळे डोळे मिटून मान खाली घालत तेव्हा या डोळे टक्क उघडे ठेवून उभ्या. मिटले तर मेणबत्त्यांत पडायची भीती!

त्यात पायांना मुंग्या. गावाकडच्या रिवाजाप्रमाणे त्यांनी पायांना रकिया चोळायला सुरुवात केली. प्लमची दारू, विदोसावने शेवटच्या साली गाळलेली. चोळायची म्हणजे कंजूषपणा नाही, चांगली वाटीभर. पंधरा दिवसांत बाटल्या संपल्या. मग त्यांनी कुंपणावरून मिलुंकाला हाक मारली.

"मिलुंका, तुझ्या नवऱ्याकडची अर्धा लिटर रकिया दे गं."

मिलुंकाचे डोळे मोठे झाले. "तुम्हाला? कशाला, काकू?"

"पायाला लावायला."

मिलुंकाने बाटली आणून दिली. तिचा नवरा दोब्रिवोये तीस वर्षं दाढेला लावायला घेत होता.

पडदे, झोकांड्या, टक्क डोळे, अंगाला वास आणि वर उधारीची बाटली. गावाला आणखी काय हवं? तरी एवढ्यावर भागलं असतं. पण एका शुक्रवारी चर्चमधून येताना दुकानासमोर कोसाराबाईंना कोणीतरी हाक मारली. त्या वळल्या आणि थेट गटाराकडे निघाल्या. तेवढ्यात समोरून दोब्रिवोये आला. तो नेहमीसारखाच, सकाळपासून पोटभर प्यालेला. त्याने त्यांना धरलं की त्यांनी त्याला, हे आजतागायत ठरलेलं नाही. दोघं एकमेकांना मिठी मारून मधोमध उभे राहिले.

"वहिनी," तो हळूच म्हणाला, "घाबरायचं नाही. तीस वर्षांचा अनुभव आहे. पाय फाकून टाका. वळायचं झालं तर आधी थांबायचं, मग वळायचं. आणि हाक मारणाऱ्याकडे मान फिरवायची नाही. गरज असेल तर तो येतो पुढे."

"सोड मला, मेल्या!"

"सोडलं तर दोघं पडू."

ते खरं होतं. दुकानाच्या बाकावरच्या सात माणसांसमोरून दोघं गळ्यात गळा घालून घरापर्यंत गेले. आणि सांगायला लाज वाटते, पण दोब्रिवोयेची युक्ती डॉक्टरच्या सांगण्यापेक्षा लागू पडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं. कोसाराबाईंनी घाईघाईने तवा भट्टीत सारला. दारात मिलुंका होती, अकरा वर्षांनी, हातात घेवड्याच्या सुपाचं पातेलं. तिने पातेलं टेबलावर ठेवलं, खुर्ची ओढली आणि कोसाराबाईंचे हात हातात घेतले.

"काकू, मला सगळं कळलंय. यात लाजण्यासारखं काही नाही. तो आजार असतो."

कोसाराबाईंनी भट्टीकडे पाहिलं. इंजेक्शन टोचणाऱ्या स्लाव्का नर्सने तोंड उघडलं की काय? "कोणी सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला हवं? माझ्या घरी तीस वर्षं तेच आहे. तुम्ही एकट्या, नेनाद तिकडे परक्या मुलखात. माणूस पिणार नाही तर काय करेल?"

"पिणार?" कोसाराबाई ताडकन उठल्या, तोल गेला, पुन्हा बसल्या. "मी? अगं तुझी जीभ झडो! उभ्या जन्मात माझ्या ओठाला..."

"हो, हो," मिलुंका मायेने म्हणाली. "सगळे आधी असंच म्हणतात." आणि तिने नाक वर केलं. "काकू, कसला वास येतोय? कांदा परतल्यासारखा?"

"नाही येत."

"येतोय. भट्टीतून येतोय. काही जळतंय वाटतं. थांबा, मी बघते."

मिलुंका उठली. भट्टी तीन पावलांवर. कोसाराबाईंच्या खिशात डॉक्टरची चिठ्ठी होती. ती काढून दाखवली की बेवडेपणाचा डाग पुसला जाणार होता. पण चिठ्ठीत दुसऱ्याच ओळीत कलेजी होती, आणि मग पिवळ्या हनुवटीचा अकरा वर्षांचा हिशेब मिलुंका आज, इथेच, चुकता करणार होती. मिलुंकाचा हात भट्टीच्या दाराला लागला.

"पिते!" कोसाराबाई ओरडल्या. "पिते मी! ये, बस इथे!"

मिलुंका वळली. तिचे डोळे भरून आले होते. तिने येऊन कोसाराबाईंना मिठी मारली. कोसाराबाईंना वाटलं, हिला ढकलून द्यावं. पण नऊ वर्षांत त्यांना कोणी असं धरलं नव्हतं. दोब्रिवोयेचं काय, ते दोघांनाही तोल नव्हता म्हणून. त्यांनी ढकललं नाही.

त्यानंतर काय विचारता! सरळ चालणाऱ्या कोसाराबाईंकडे कित्येक वर्षांत कोणी फिरकलं नव्हतं. झोकांड्या खाणाऱ्या कोसाराबाईंकडे रोज दुपारी कोणी ना कोणी हजर. एकीने अक्रोडाची पोळी आणली. दुसरीने लाकडं फोडून दिली. तिसरीने तर कबूल केलं की सासू असताना ती उपवासात चोरून चीज खायची, आणि दोघी डोळ्यांतून पाणी येईतो हसल्या. कोसाराबाईंच्या ध्यानात आलं, निर्दोष माणसाकडे लोक नुसते जाऊन येतात. ज्याच्यात काही खोट आहे त्याच्याकडे बसतात.

नेनादलाही कोणीतरी कळवलं. तो आठवड्यातून दोनदा फोन करू लागला.

"आई, खरं सांग. किती घेतेस?"

"कमी करतेय," कोसाराबाई म्हणाल्या. "तू फोन केलास की त्या दिवशी घेत नाही."

मग तो रोज फोन करू लागला.

इकडे इंजेक्शनं चालूच होती. "रक्तदाब बघायला जाते," असं सांगून मंगळवार-शुक्रवारी त्या स्लाव्काकडे जात. ईस्टर झाला, मुंग्या ओसरल्या. चेरी पिकल्या तेव्हा डॉक्टरने पुन्हा डोळे मिटायला लावले. त्या जराशा हलल्या, पण पडल्या नाहीत. डॉक्टर सावरायला हात पसरून पुढे झाला.

"आता काय तुमची गरज नाही," कोसाराबाई म्हणाल्या.

त्या गावातून मान ताठ ठेवून, मधोमध चालत आल्या. कुठल्याच खांबाला हात लावला नाही. घरी आल्या, पडदे उघडले, आणि पहिल्यांदाच त्यांना धास्ती वाटली. आजार गेला म्हणजे माणसंही जाणार. दुसऱ्या दिवशी दुपारी कोणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. अक्रोडाच्या पोळीचं ताट परत न्यायलासुद्धा कोणी आलं नाही.

चौथ्या दिवशी चारच्या सुमाराला मिलुंका आली, दोब्रिवोयेला दंडाला धरून.

"काकू, चार दिवस गावात दुसरा विषय नाही. तुम्ही सोडलीत! तीन महिन्यांत! याला सांगा कशी सोडायची ते. माझं हा ऐकत नाही."

"मी? मी काय सांगू?"

"तुमची जीभ आहे ना, तेवढी पुरे."

जीभ होतीच. कोसाराबाईंनी दोब्रिवोयेला समोर बसवलं आणि तासभर असं काही झाडलं की तो उठताना त्यांच्या हाताचं चुंबन घेऊन गेला. पुढच्या आठवड्यात तो आणखी दोघांना घेऊन आला. महिन्याभरात पाच जण झाले. बायका कॉफी करत, पुरुष माना खाली घालून शिव्या खात, आणि घर माणसांनी भरून जाई.

हे ऐकून पाद्री गाव्रिलो धापा टाकत आला. बाकीचे अजून यायचे होते.

"आजी, हे मला बघवत नाही. तुम्ही आयुष्यात थेंबभर घेतली नाही, आणि गाव तुम्हाला सुधारलेली दारुडी म्हणतं! रविवारी मी चर्चमध्ये उभा राहून खरं सांगतो. कलेजीची परवानगी मी दिली होती, माझ्यावर घेतो. तुमचं नाव पुन्हा स्वच्छ होईल."

कोसाराबाई खिडकीबाहेर बघत होत्या. स्वच्छ नाव. नऊ वर्षं ते होतंच की घरात, त्यांच्यासोबत जेवायला कधी बसलं नाही.

"बाबा," त्या म्हणाल्या, "तुम्ही त्या खुर्चीवरून उठा. ती दोब्रिवोयेची आहे."

एक एक करून सगळे आले, बसले. पाद्री कोपऱ्यात स्टुलावर बसला. त्या दिवशी दोब्रिवोयेचा चेहरा उतरलेला होता. दारू सोडून अठरा दिवस झाले होते त्याला.

"वहिनी, शिव्या नंतर द्या," तो म्हणाला. "आधी एक सांगा. दिवसातली सगळ्यात वाईट वेळ तुमची कोणती असायची?"

पाद्रीने मान खाली घातली. आता ही बाई काय रचून सांगणार, त्याला ऐकवणार नव्हतं. पण कोसाराबाईंना काही रचावं लागलं नाही.

"पाचनंतर," त्या म्हणाल्या. "सगळ्यांच्या घरी कोणी ना कोणी परततं. फाटकं वाजतात. आपलं वाजत नाही. आणि तरी आपण कान देऊन बसतो."

दोब्रिवोयेने मान हलवली. शेजारच्याने हलवली. मिलुंका कॉफीचं भांडं हातात धरून तशीच उभी राहिली.

"तशीच असते," दोब्रिवोये म्हणाला. "अगदी तशीच. मग काय करायचं?"

कोसाराबाईंनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं.

"करायचं काय, कपाळ? ही चारची वेळ कोणी ठरवली? चारला येता, पाचला उठून जाता. उद्यापासून पाचला या."

मग पाद्रीकडे वळून म्हणाल्या, "तुम्हीसुद्धा."