सहादूच्या चहात साखर कुठून आली?

भिंगारमध्ये गुप्तहेर एकच, आणि तो मी, गहिनीनाथ गुरुजी. एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवताना हरवलेली पेन्सिल कुठं आहे, हे मी नुसत्या नजरेनं सांगत असे. (बहुतेकदा ती माझ्याच खिशात निघे, तो भाग वेगळा.) निवृत्तीनंतर मी तपासासाठी सहादू टेलरकडून खास कोट शिवून घेतला. त्याची डावी बाही दोन बोटं आखूड आहे. लोक हसतात. मुलांनो, गुप्तहेराला घड्याळ चटकन दिसावं लागतं, हे त्यांना काय कळणार?

चहाचाही माझा अभ्यास आहे. माणसाचं काम आणि प्रकृती बघून चहा ठरवावा. हमालाला आल्याचा, पहारेकऱ्याला कडक, पित्तवाल्याला अर्धाच कप. सत्त्याण्णवच्या जानेवारीत सहादूच्या रक्तात साखर निघाली, तेव्हा मी तत्काळ निर्णय दिला, "तुझं बैठं काम. तुला गवती चहा, बिनदुधाचा, बिनसाखरेचा. पात माझ्या परसात आहे. रोज चारला ये."

आमच्या सौभाग्यवती छबूबाईंना एवढंच सांगितलं, "सहादू येईल. गवती चहा कर. का, ते विचारू नकोस. प्रकरण गुप्त आहे."

मार्चमध्ये सहादू रडवेला होऊन आला, बरोबर त्याची बायको चांगुणाबाई.

"गुरुजी, मोतीबिंदूची दुसरी तारीख बी गेली. साखर उतरल्याबिगर डॉक्टर हात लावंना. सुईचं नेढं दिसत न्हाई, गिऱ्हाईक चाललं. मशीन इकावी लागंल."

"साखर खातोस?"

"घरात डबाच न्हाई! तरी चढतीया."

मी कोट चढवला.

पहिला संशय दूधवाल्या छगनच्या म्हशीवर. सहादूच्या सकाळच्या चहात तिचं दूध. ती उसाचं वाढं खाते, ऊस गोड, म्हणजे दूध गोड. मी म्हशीसमोर उभा राहून प्रश्न विचारले. तिनं बाही चाटली.

"गुरुजी," छगन म्हणाला, "तसं आसतं तर म्या थेट पेढंच काढलं आसतं की!"

दुसरा संशय चांगुणाबाईवर. नवऱ्याची दया येऊन गुपचूप साखर घालत असणार.

"व्हय तर!" ती कडाडली. "ह्यांच्यापायी म्या माझा चहा फिका केला, होळीला पुरन न्हाई घातलं, आन् तुमी माझ्यावरच आळ घ्या!"

तिसरा सिद्धांत मात्र अचूक होता. सुईत ओवण्याआधी सहादू दोरा ओठात धरायचा. दिसत नसल्यामुळे दिवसातून पन्नासदा. दोऱ्याची खळच गोड असणार! चारच्या चहानंतर दोघा नवराबायकोसमक्ष मी आमच्या ओट्यावर दोऱ्याचं रीळ ठेवलं आणि मुंग्यांची वाट पाहू लागलो. मुलांनो, साक्षीदार धीरानं तपासावा.

मुंग्या आल्या. पण त्या रिळाला वळसा घालून सहादूच्या रिकाम्या कपात शिरल्या. तपासात व्यत्यय नको म्हणून मी कप उचलला.

"गुरुजी, थांबा," चांगुणाबाई म्हणाली. "आना त्यो कप हिकडं."

तिनं तळाशी बोट बुडवून चाटलं आणि आत हाक मारली, "छबूताई, ह्यात साखर किती घालता वं?"

"तीन चमचे," छबूबाई बाहेर आल्या. "पात उग्र लागते, आणि पाहुण्याला फिका चहा कसा द्यायचा?"

"आवं, त्यास्नी साखरेचा आजार हाय!"

"मला कुणी सांगितलं? आमच्याकडे प्रकरण गुप्त असतं!"

सहादू खालमानेनं म्हणाला, "मला वाटलं, पातीचाच गोडवा. औषध म्हनून तळ सुदिक चाटीत हुतो."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी घड्याळ पाहिलं. बाही आखूड असल्यामुळे लगेच दिसलं. चार वाजून दहा मिनिटं.

मेमध्ये साखर उतरली, ऑपरेशन झालं, मशीन घरातच राहिली. जाड भिंगाचा चष्मा लावून सहादू चारला हजर झाला. छबूबाईंनी कप ठेवताना "बिनसाखरेचा" असं सगळ्या गल्लीला ऐकवलं.

सहादूनं चहा घेतला आणि माझ्याकडे बघतच राहिला.

"गुरुजी, ही बाही आशी कशी? काढा कोट."

खिशातून सुई काढून त्यानं दोरा ओवला. ओठात न धरता, एकाच झटक्यात. मग बाही उसवता उसवता म्हणाला, "ह्यो कोट कुन्या आंधळ्यानं शिवला हुता?"

मुलांनो, काही प्रकरणं खरंच गुप्त ठेवावी लागतात.