चाकोशेठचं नाक

चाकोशेठ कुणालाही नमस्कार करायचे नाहीत. आधी समोरच्याचा हात हुंगायचे, "सकाळी लसनाची चटनी खाल्ली ना बे?" म्हणायचे आणि मग खुर्ची द्यायचे.

केरळातून मिरीची पोती घेऊन ते भंडाऱ्यात आले, शहापूरच्या कॉफी-मसाला कंपनीत विक्रेते म्हणून लागले आणि हळूहळू मालक झाले. इथली बोली शिकले, पण मल्याळी चालीवर. कुठल्याही भांडणावर त्यांचा एकच निवाडा : "नाकाले इचार." गोंदिया वेगळा झाला तेव्हा गावभर चर्चा. शेठ म्हणाले, "जिल्हा फुटला, वास थोडाच फुटते?" आणि गोंदियाची गाडी भरायला घेतली.

मसाला खपायचा, कॉफी कुणी घेत नसे. तरी रोज सकाळी मागच्या चुलीवर शेठ स्वतः कॉफी भाजत. माझी आई तिथेच मिरची निवडायची. मी तेव्हा कामगार संघटनेत होतो; पत्रक काढलं : 'मजुरांना हातमोजे नाहीत आणि मालकाला कॉफीचे चोचले!' शेठनी पत्रक हुंगलं. "शाई चांगली आहे," म्हणाले. दुसऱ्या दिवशी हातमोजे आले.

पुढे त्यांना मोठा ताप आला. त्यातून उठल्यावर ते प्रत्येक घाण्याला बायांना बोलवू लागले : "तुमी सांगा, कसा वास येते?" मी हरखलो. 'कारभारात कामगारांचा सहभाग' असं ठळक छापलं आणि गठ्ठा घेऊन कंपनीत गेलो.

दारातच करपल्याचा वास आला. चुलीशी शेठ निवांत उलथणं फिरवत होते. आई धावत आली. "शेठ, उतरवा!"

मी तिला बाजूला घेतलं. "त्यायले वास येत नाही, तुले मालूम होतं?"

"साऱ्या बायांले मालूम आहे. बाहेर समजलं तं त्यायच्या मालाले कोन हात लावते? आन तू छापून राहिला!"

शेठनी दुसरा घाणा चढवला. दाणे तडतडल्यावर म्हणाले, "बाई, सांगा."

आईनं कॉफीचं झाड कधी पाहिलं नव्हतं. ती कढईवर वाकली. "मोहफुलं वाळू घातलेलं आंगन असते ना शेठ, तसा. थोडा धुराचा."

शेठनी डोळे मिटले. "अम्माच्या आंगनात असाच येत होता," म्हणाले. "म्हनून तं भाजतो."

मी गठ्ठा चुलीत सारला. जाळ उसळला तसे त्यांनी डोळे उघडले.

"आता कसा येते, बाई?"

"शाईचा," आई म्हणाली. "चांगला येते."