पाच सिनेमे, एक खोली

माणूस ओळखायला मला पाच सिनेमे पुरतात. दाखला नको, शिफारसपत्र नको, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे चौकशी नको. आवडते पाच सिनेमे सांगा. तुम्ही टूथपेस्टची नळी मधूनच दाबता की टोकापासून, हेसुद्धा सांगतो!

ही बढाई नाही. एकोणीस वर्षं मी दैनिकात दर शुक्रवारी सिनेमाचं परीक्षण लिहितोय. पाचशे शब्द, संध्याकाळी पाचच्या आत. इतके सिनेमे पाहिले की सिनेमे पाहणारेही आपोआप पाहून होतात. आमच्या कार्यालयात एक गृहस्थ बदलून आले. त्यांना फक्त पाठलागाचे सिनेमे आवडत. मी पहिल्याच दिवशी म्हणालो, हे टिकायचे नाहीत! चौथ्या महिन्यात गेले. (ते निवृत्तच व्हायचे होते, असं नंतर कुणीतरी म्हणालं, पण भाकीत ते भाकीत!)

तर माझ्या घरातली एक खोली रिकामी होती. बायको जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा दीड वर्षापूर्वी नोकरीसाठी परगावी गेला. तेव्हापासून त्या खोलीत इस्त्रीचं टेबल आणि हवा गेलेला एक फुटबॉल असे दोघेच राहतात. घर शांत आहे. लिहिणाऱ्याला शांतता हवीच, पण आमच्याकडे ती इतकी आहे की फ्रिजची घरघर थांबली तर मी दचकतो. एकदा संध्याकाळी कुलूप उघडून आत शिरलो आणि सवयीनं मोठ्यानं म्हणालो, "आलो गं!" समोरच्या बिऱ्हाडातून आवाज आला, "कोण आलं?" तेव्हापासून गुपचूप येतो.

"भाडेकरू ठेव," ताई म्हणाली. ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. दोन गल्ल्या सोडून राहते आणि माझ्या घराची एक किल्ली तिच्याकडे असते.

"ठेवतो. पण पारखून."

"कसा पारखणार?"

मी सांगितलं. ताईनं कपाळाला हात लावला.

"अरे, खोली द्यायचीय की बक्षीस?"

मी लक्ष दिलं नाही. इमारतीच्या खालच्या सूचनाफलकावर चिठ्ठी लावली: 'खोली मिळेल. येताना आवडत्या पाच चित्रपटांची यादी आणावी.' दोन आठवड्यांत तिघं आले. पहिला लिफ्ट दुरुस्त करणारा. दुसरे भूगोलाचे सर, पन्नाशीच्या पुढचे, छत्री हातातून न सोडणारे. तिसरा रुग्णालयातला ब्रदर. तिघांनाही मी आल्या क्रमानं नंबर दिले, एक, दोन, तीन, आणि सांगितलं, रविवारी सकाळी दहा वाजता निकाल फलकावर लागेल.

आता आमच्या दैनिकाची एक शिस्त आहे. वाचकांची पत्रं निवडताना नाव दिसू द्यायचं नाही, अक्षरही दिसू द्यायचं नाही. कुणीतरी सगळी पत्रं एका हातानं उतरवायची, नंबर घालायचे, मग निवडणाऱ्यानं वाचायची. मी तीच शिस्त घरी लावली. याद्या न वाचता घडी घालून ताईकडे दिल्या. तिनं कुरकुरत त्या उतरवल्या आणि चार कागद माझ्यासमोर ठेवले.

"चार? तीनच आले होते."

"चौथा तू कामावर असताना येऊन गेला," ताई म्हणाली आणि भांडी घासायला लागली.

शनिवारी मी निकाल लिहायला बसलो. वीस मिनिटांत मोकळा!

'क्रमांक एक. पाचही चित्रपटांत खून, दोनांत विषप्रयोग. वरून गोड, आतून थंड. लग्न ठरलेलं असल्यास मुलीनं फेरविचार करावा. नकार.'

'क्रमांक दोन. वाळवंट, समुद्र, बर्फ, पुन्हा समुद्र, जंगल. पायाला भिंगरी. तीन आठवड्यांत बॅग उचलून चालू लागेल. नकार.'

'क्रमांक तीन. पाचही कौटुंबिक, पाचांतही शेवटी सगळे गळ्यात पडतात. मायाळू, घरात रमणारा, बोलका. स्वीकार.'

क्रमांक चारवर मी खरी लेखणी चालवली. ते पुढे येईलच.

रविवारी दहाला निकाल लावून वर आलो आणि चहाचं आधण ठेवलं; ताई सकाळीच येऊन स्वयंपाकघरात खुडबुडत होती. दहा वाजून चार मिनिटांनी दारावरची घंटा वाजली. घंटेवरचं बोट कुणी उचलेचना!

दारात लिफ्टवाला. त्याच्यापुढे एक मुलगी, डोळ्यांत पाणी आणि तोंडात आग.

"परीक्षणवाले तुम्हीच? मला सगळं सांगा! यानं कुणाला विष दिलंय?"

"ताई, अहो कुणाला नाही," लिफ्टवाला गडबडून म्हणाला.

"ताई? मी तुझी होणारी बायको आहे! घाबरून नातीसुद्धा विसरला बघा! उगीच नाही घाबरत माणूस!"

"साहेब, मी क्रमांक एक," लिफ्टवाला रडवेल्या आवाजात म्हणाला. "पुढच्या महिन्यात लग्न आहे हो माझं."

मी शांतपणे म्हणालो, "मी फक्त यादीवरून लिहितो. खुनाचे पाच सिनेमे तुम्हीच दिलेत."

"मी? मी सिनेमे बघतच नाही! दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात अंधारात असतो. संध्याकाळी परत अंधारात कोण बसेल? यादी हिनं लिहून दिली होती."

"मी एकही खुनाचा लिहिला नव्हता!" मुलगी म्हणाली. "सगळे घरगुती. रडायचे."

तेवढ्यात जिन्यावरून छत्री आपटत भूगोलाचे सर वर आले.

"पायाला भिंगरी?" ते धापा टाकत म्हणाले. "माझ्या? सत्तावीस वर्षं एका खोलीत काढली मी! घरमालक इमारत पाडतोय म्हणून निघावं लागतंय, नाहीतर खिडकीचा पडदासुद्धा बदलला नसता. समुद्र मी अजून पाहिलेला नाही, महाशय! शिकवतो, पण पाहिलेला नाही. सिनेमात पाहतो!"

गंमत बघा, नंतर हिशेब लावला तेव्हा कळलं की तिघांपैकी फक्त सरांनाच त्यांच्या स्वतःच्या यादीचा निकाल मिळाला होता. आणि तोच सगळ्यांत चुकलेला होता!

सरांच्या मागून ब्रदर आला. तो एकटाच हसत होता. त्याच्या हातात भलीमोठी बॅग होती.

"स्वीकार झालाय माझा. कुठली खोली? वसतिगृहातली सोडूनच आलो. आणि काका, तुम्ही लिहिलंत ते फार छान लिहिलंत हं! मायाळू, घरात रमणारा! मी फोटो काढून आईला पाठवला. आईचा उलटा निरोप आला, 'हे कोण?'"

"तुमची यादी काय होती?" मी विचारलं. आवाज माझा मलाच बारीक वाटला.

"खुनाचे पाच. त्यातले दोन विषाचे."

मी वळून स्वयंपाकघराकडे पाहिलं.

"ताई! तू याद्या कुठून उतरवायला घेतल्यास?"

"वरून," आतून उत्तर आलं. "गठ्ठा वरूनच घेतात ना?"

आमच्या कार्यालयात नवा कागद गठ्ठ्याच्या वर ठेवतात आणि उतरवणारा सगळ्यांत खालून सुरुवात करतो. हे आमच्याकडे शिपायापासून संपादकापर्यंत सगळ्यांना माहीत आहे. ताईला सांगायचं राहून गेलं होतं! तिसऱ्याचा पहिला झाला, पहिल्याचा तिसरा. मधले सर जागच्या जागी.

मी खुलासा केला. लिफ्टवाल्याची होणारी बायको एकदम खुलली.

"म्हणजे मायाळू मी! ऐकलंस का रे?"

"म्हणजे विषवाला मी," ब्रदर म्हणाला. त्याला काही वाईट वाटलेलं दिसलं नाही. "बरोबरच आहे, काका. कामावर कुणी दगावलं तर तो माझा पेशंट असतो. सिनेमातला मेला तर माझ्याकडे कुणी बघत नाही. इतकं बरं वाटतं म्हणून सांगू!"

एकोणीस वर्षांत हे वाक्य माझ्या एकाही परीक्षणात आलेलं नाही. मी मनातल्या मनात खाली रेघ ओढली.

इथवर येऊन प्रकरण मिटायला हवं होतं. पण त्या मुलीनं फलकावरचा माझा कागद काढून हातात आणला होता.

"आणि हा चौथा कोण? तो आला नाही का भांडायला?"

"आला असता तरी काय बोलला असता बिचारा?" सर म्हणाले. "वाचलं मी. फार लागेल असं लिहिलंय."

"असू दे, जाऊ दे," मी म्हणालो.

पण तिनं मोठ्यानं वाचलंच.

"'क्रमांक चार. या यादीत आवड शोधून सापडत नाही. पाचही चित्रपट सुमार, मात्र पाचांतही एका घरात किमान अकरा माणसं राहतात आणि जेवताना एकमेकांवर ओरडतात. हा माणूस सिनेमा पाहत नाही. घरात कुणीतरी बोलत असावं म्हणून लावून ठेवतो, आणि शेवट होण्याआधी पेंगतो. असा माणूस घरात घेतला की आपल्या मागे मागे फिरेल, दाराशी गाठून बोलत बसेल. त्याला सोबत पुरणार नाही. ठाम नकार.'"

"अहो, खोली पहिली यालाच द्यायला हवी होती!" लिफ्टवाला कळवळून म्हणाला. "आम्ही काय, शोधू दुसरीकडे."

"पत्ता द्या त्याचा," सर छत्री सावरत म्हणाले. "मी जाऊन भेटेन. रविवारी मला काही काम नसतं."

"कोण आहे तो?" मुलीनं माझ्याकडे रोखून पाहिलं.

ताई हात पुसत बाहेर आली.

"त्याला खोली आहे," ती म्हणाली. "दोन आहेत. त्यांतलीच एक द्यायला निघालाय."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. लिफ्टवाल्याचं तोंड उघडंच राहिलं.

"अगं, पण..." मी म्हणालो. "माझे आवडते सिनेमे वेगळे आहेत! दोन मूकपट आहेत त्यांत!"

"ते तू लोकांना सांगायचे. तुझा टीव्ही लावला की अर्धवट सोडलेल्या सिनेमांची रांग दिसते. मी त्यातले वरचे पाच उतरवले. मला वाटलं, ओळखशील आणि हसशील."

मी ओळखले नव्हते. टीव्ही लावून मी आत भाजी चिरत असतो, कपड्यांच्या घड्या करत असतो. एक सिनेमा संपला की तो आपणच दुसरा लावतो. नाव कधी पाहिलंच नाही. आवाज तेवढे ओळखीचे होते.

कुणी हसलं नाही. तेच जास्त वाईट. हसले असते तर मीही हसलो असतो. सरांनी उगाच खिडकीबाहेर पाहिलं. त्या मुलीनं कागदाची चौकोनी घडी केली आणि हळूच टेबलावर उलटी ठेवली. दोन मिनिटांनी ती, लिफ्टवाला आणि सर "येतो हं, काळजी घ्या," असं आजाऱ्याला म्हणतात तसं म्हणून निघून गेले. काळजी घ्या! काल मी त्यांचे निकाल लिहीत होतो!

ब्रदर तिथेच उभा होता.

"काका, बॅग कुठे ठेवू?"

"पण तुम्ही वाचलंत ना? मागे मागे फिरेल, बोलत बसेल..."

"बोला की," तो म्हणाला. "आमच्याकडे सगळे कण्हतात. बोलणारं कुणी नाही."

मी इस्त्रीचं टेबल बाहेर ओढलं. ताईनं फुटबॉल काखेत मारला. इतका आनंद झाला मला की त्या भरात विष, खून, वरून गोड, सगळं माफ करून टाकलं आणि त्याच्या हातात किल्ली ठेवली.

मी प्रत्येकाला पाच-पाच सिनेमे विचारले. कामाला किती वाजता जाता, हे मात्र एकालाही विचारलं नाही!

ब्रदरची रात्रपाळी आहे. कायमची. त्यानं स्वतः मागून घेतली आहे. सकाळी तो घरी पोचतो तेव्हा मी निघालेला असतो. दिवसभर तो झोपतो. संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मी कुलूप उघडायला जातो, तर दार आतून उघडतं आणि तो बूट घालून तयार असतो.

"आलात का, काका?"

"आलो. निघालात का?"

"निघालो."

एवढं होतं. रोज होतं. एकदा लेस तुटली तेव्हा चार मिनिटं बोलणं झालं.

म्हणून हल्ली मी पावणेसातलाच घरी पोचतो. पंचवीस मिनिटं मिळतात. कार्यालयात सांगून ठेवलंय की दाताचं काम चाललंय, लवकर निघावं लागतं. याला आता तिसरा महिना लागला. परवा मुख्य उपसंपादकांनी चष्मा वर करून विचारलं, "अहो, एकूण दात आहेत तरी किती तुम्हाला?"

मी म्हटलं, "अजून बरेच शिल्लक आहेत!"