मेहुण्याने पाठवलेला पलंग

मालवाहतुकीच्या धंद्यात आपल्याला कोणी कोंडीत पकडू शकत नाही, असं मालकांचं ठाम मत होतं. दारात ट्रक, गावोगावी एजंट, आणि माल गहाळ झालाच तर गिऱ्हाइकाला बोलून बोलून दमवण्याची हातोटी. एजंटांपैकी एक तर सख्खा मेहुणा. "घरचा माणूस, डोळे झाकून विश्वास ठेवावा असा," असं ते चारचौघांत सांगत आणि खरोखरच डोळे झाकून ठेवत.

सासूबाईंचं लेकीकडे कायमचं राहायला यायचं ठरलं, तेव्हा त्यांचा नक्षीचा मोठा पलंग अर्थातच जावयाच्या ट्रकमधून यायचा होता. मेहुण्याने तो ताब्यात घेतला, कंपनीचा शिक्का मारून आईला पावती दिली, आणि आई बसमध्ये चढताच पलंग परस्पर विकून टाकला. ट्रक आला. त्यात सगळ्यांचं सगळं होतं, पलंग तेवढा नव्हता. फोनवर मेहुण्याने आधी आवाज नीट येत नसल्याचं नाटक केलं, मग विकल्याचं कबूल केलं. कोणाला विकला ते मात्र त्याला काही केल्या आठवेना.

मालक निर्धास्त मनाने घरी आले. यात आपण कुठेच सापडत नाही, याची त्यांना खात्री होती.

"तुमच्याच लेकाने फसवलं हो, सासूबाई. फार वाईट झालं."

"माझा पलंग कधी देताय, जावईबापू?"

"मी? तो माझ्या ट्रकमध्ये चढलाच नाही."

"तुमच्या काउंटरवर दिला. शिक्का तुमचा."

"पण पैसे त्याने खाल्ले. कंपनीला काय मिळालं?"

"तुम्हाला काही मिळालं नाही, त्यात माझा काय दोष?"

मालकांनी ठेवणीतला मुद्दा काढला. "विकायला मी सांगितलं नव्हतं."

"पावती फाडायला सांगितलं होतं ना? तिच्यावर भरवसा ठेवून मी बसमध्ये बसले. घरात तो माझा मुलगा, त्याचे कान मी उपटीन. काउंटरवर बसला की तुमचा माणूस. तिथलं तुम्ही निस्तरा."

मालकांनी मोठ्या आशेने बायकोकडे पाहिलं. ती त्यांच्याच पलंगावरची चादर बदलत होती.

"अहो, आई या वयात खाली झोपणार का? तिचा पलंग येईपर्यंत हा तिचा." एवढा निकाल देऊन तिने त्यांची उशी बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवली.

मालकांची कंबर मुळातच नाजूक. त्यांचा पारा चढला. उभ्या उभ्या फोन लावून त्यांनी मेहुण्याची एजन्सी काढून घेतली आणि यापुढे त्याच्या कुठल्याही उद्योगाशी आपला संबंध नाही, असं सगळ्या घराला ऐकवलं. कायद्याच्या दृष्टीने डाव अगदी चोख होता.

दुसऱ्या दिवशी मेहुणा बॅग घेऊन दारात हजर. "काम गेल्यावर जाणार कुठे बिचारा?" बायको म्हणाली. सासूबाईंनी ठरल्याप्रमाणे त्याचे कान उपटले आणि मग त्याला पोटभर जेवायला वाढलं. आता तो कंपनीचा कोणी नव्हता, निव्वळ घरचा होता. त्यामुळे त्याचं अंथरूण मालकांच्या शेजारीच पडलं.

सकाळी मालकांना फरशीवरून उठवायला बायको आणि मेहुणा दोघं लागले. मेहुण्याला खरंच वाईट वाटलं. बहीण आत गेल्यावर तो हळूच म्हणाला, "दाजी, तुमचे हाल बघवत नाहीत. ज्याला पलंग विकला त्याचं नाव आठवलंय. त्याच्या दारातून पलंग आत जात नाही म्हणे, परत द्यायला तयार आहे. मागवू का?"

मालकांनी कंबर चोळत विचार केला.

"मागव," ते म्हणाले. "पण आपल्या ट्रकने नको. दुसऱ्या कोणाच्या तरी कंपनीने येऊ दे. काही झालं तर भरून घ्यायला कोणीतरी हवं ना."