बाबांचा हात

"खांदेश्वरचा रस्ता न् रस्ता मला तोंडपाठ आहे!" अंधांना एकट्याने फिरायला शिकवणारे प्रशिक्षक तयार करतात, त्या वर्गात मी पहिल्याच दिवशी छाती फुगवून सांगितलं.

गेलो होतो बाबांसाठी. काचबिंदूने त्यांची नजर गेली, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून हात धरल्याशिवाय मी त्यांना दाराबाहेर पाऊल टाकू दिलं नव्हतं. संध्याकाळी ते बाल्कनीत उभे राहून खाली मित्रांच्या गप्पांकडे कान लावत. "नामदेव हसला बघ. विहाराच्या कट्ट्यावर जमलेत सगळे." मग हळूच, "संघर्ष, एकदा मला एकट्याला जाऊ दे ना रे!"

"पडाल, बाबा!" विषय संपला.

वर्गाबाहेरच्या फुटपाथवर आमच्या वैशाली मॅडमनी माझ्या डोळ्यांवर पट्टी बांधली, हातात पांढरी काठी दिली. "सरळ कोपऱ्यावरच्या मेडिकलपर्यंत जा. मी मागे आहे, पण बोलणार नाही."

दहा पावलांत कुणीतरी माझा दंड धरला.

"अरेरे, एवढा तरुण! चल, रस्ता ओलांडून देतो."

"काका, मला पलीकडे जायचंच नाहीये!"

"लाजतोस काय!" काकांनी मला मेथीच्या जुडीसारखं उचलून पलीकडे ठेवलं. एका मावशीने परत अलीकडे आणलं! तोवर काका पुन्हा हजर. त्यांनी थेट रिक्षातच कोंबलं. "याला स्टेशनला सोड रे!" कुठे जायचंय, हे मला एकानेही विचारलं नाही.

वैतागून मी पट्टी ओढली आणि रिक्षातून उडी मारली.

"याला दिसतंय! ढोंगी!" काका किंचाळले. ही गर्दी! मॅडम धावत आल्या. "अहो, ट्रेनिंग चालू आहे!"

"ही पण टोळीतलीच!"

ओळखपत्रं दाखवून सुटेपर्यंत अर्धा तास गेला.

घरी बाबांना सगळं सांगितलं. वाटलं, हसतील.

"तुला तो काका अर्धा तास भेटला," ते शांतपणे म्हणाले. "माझ्या घरात दोन वर्षं राहतोय."



कोर्स संपल्यावर दीड महिना आम्ही जिन्यापासून कट्ट्यापर्यंत काठीने सराव केला. मग एका रविवारी बाबा एकटे निघाले. मी घरात येरझाऱ्या घालत होतो. त्यांचा हात नसलेला माझा हात कुठे ठेवावा, कळेना. खिशात घातला, काढला, पुन्हा घातला. एकदा तरी हाक मारतील, असं सारखं वाटत होतं.

दोन तासांनी बाबा परतले. चेहरा नुसता उजळलेला!

"कसं वाटलं, बाबा?"

"झकास! तू नव्हतास ना!"