तिसऱ्या कडव्याचे पाळक

माणूस सुधारू शकतो, याबद्दल जगात फारसं दुमत नाही. तो नेमका कधी सुधारेल, एवढंच कुणी छातीठोकपणे सांगत नाही. आमच्या चर्चच्या मंडळीनं मात्र हा प्रश्न कायमचा निकालात काढला होता. आमच्याकडे माणूस दर रविवारी, सकाळच्या उपासनेत, गाण्याच्या तिसऱ्या कडव्याला सुधारत असे. दुपारच्या जेवणापर्यंत तो पूर्ववत होई, पण त्याला पंचकमिटी जबाबदार नव्हती.

या व्यवस्थेचं श्रेय आमच्या पाळकांना जातं. ते मुळात गायक. जन्मल्यावर त्यांनी जे भोकाड पसरलं तेही सुरात होतं, असं त्यांची आई सांगत असे. शेजारी तक्रार करायला आले आणि संपेपर्यंत ऐकून गेले म्हणे. शाळेत त्यांना ‘भोंगा’ म्हणत. तरुणपणी त्यांनी गाद्यांच्या एका जाहिरातीला आवाज दिला. तो आवाज ऐकून लोकांना इतकी गाढ झोप लागे, की गाद्या कुणाच्या हे शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. कंपनी बुडाली. पाळकांची कीर्ती मात्र वाढली, आणि ते चर्चच्या गायनवृंदात आले. तिथे बाकीचे गायक हळूहळू गप्प झाले. (ते याला नम्रता म्हणतात.)

पुढे जुने पाळक निवृत्त झाले आणि जागेसाठी तीन अर्ज आले. पहिल्या उमेदवाराला शास्त्र मूळ भाषांतून येत होतं. दुसऱ्यानं उमेदीची वर्षं आजाऱ्यांच्या उशाशी काढली होती. तिसरे हे. पंचकमिटीनं सर्व बाजूंनी विचार केला, म्हणजे एक गाणं ऐकलं.

अशा रीतीनं मंडळीला एकाच माणसात गायकही मिळाला आणि पाळकही. त्यातला पाळक हा गायकाला दोन गाण्यांच्या मध्ये दम खायला मिळावा म्हणून ठेवलेला आहे, अशी सर्वांची समजूत होती. त्यांच्या संदेशाच्या, म्हणजे प्रवचनाच्या, वेळेचा मंडळीनं फार चांगला उपयोग करून घेतला: छताच्या पंख्यांचं निरीक्षण, पुढच्या बाकावरच्या माणसाच्या कॉलरचा अभ्यास, नखं, मुलांना चिमटे, आणि घरी गॅस बंद केला का यावर गंभीर चिंतन. (गॅस नेहमी बंद केलेला निघे. याला प्रार्थनेचं उत्तर म्हणत.)

मग गाणं सुरू होई. शब्द पाळकांचे, चाल पाळकांची, ऑर्गनवर पाळकीणबाई. पहिल्या कडव्यात लोक सावरून बसत. दुसऱ्यात रुमाल शोधत. आणि तिसरं असं होतं:

ज्याच्याशी तू बोलत नाहीस
जा आधी त्याच्या दारी,
मग ये माझ्या दारी, बाळा,
तोवर मीही नाही घरी.

म्हणजे देव स्वतः सांगतोय की तो घरी नाही, आणि मंडळी त्याच्याच घरात बसून रडतेय. पण शब्दांकडे कुणाचं लक्ष नसे. रडण्याची व्यवस्था चोख होती. डाव्या बाजूच्या बाकांवर मूक अश्रू, उजवीकडे नाक ओढून. हुंदक्यांपैकी तीन चतुर्थांश दुसऱ्या ओळीच्या अखेरीस पडत, उरलेले उशिरा आलेल्यांचे असत. दुसऱ्या गावांच्या मंडळ्या आमच्याकडे अभ्यासाला येत आणि सुजलेले डोळे घेऊन समाधानानं परत जात.

सर्वांत चांगलं रडणारी माणसं दोन होती. एक पंचकमिटीचे अध्यक्ष, फर्निचरवाले. दुसऱ्या त्यांच्या थोरल्या बहीण, शिवणक्लासवाल्या ताई. ते पहिल्या बाकाच्या या टोकाला, त्या त्याच बाकाच्या त्या टोकाला. वडील गेल्यापासून दोघांत अबोला होता. कारण वडिलांची आरामखुर्ची. ज्याच्या दुकानात खुर्च्यांची चळत छताला टेकते, तो माणूस एका खुर्चीसाठी सख्ख्या बहिणीशी बोलत नव्हता, आणि तिचा एक पाय मोडलेला होता. (खुर्चीचा.) दर रविवारी तिसऱ्या कडव्याला दोघं एकाच सुरात हमसत, आणि उपासना संपली की दोन दारांनी बाहेर पडत. दोन दारं असलेल्या चर्चचा हा मोठा फायदा आहे.

आणि मग पाळकांचा आवाज बसला.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी आत आरसा घालून पाहिलं आणि स्वरतंतूंवर गाठी आल्यात असं सांगितलं. काही आठवडे तोंडातून अक्षर काढायचं नाही. नियम पाळला तर हळूहळू गाता येईल. मध्येच ओरडलात, तर आवाज कायमचा गेला म्हणून समजा. “मग माझ्याकडे येऊन उपयोग नाही, आणि तिकडे जाऊनही नाही,” असं म्हणत त्यांनी वर बोट केलं. वर दातांचे डॉक्टर बसतात.

ही बातमी रविवारच्या आत मंडळीला द्यायची राहून गेली. ठरलं असं, की पाळकीणबाई नुसता ऑर्गन वाजवतील आणि पाळक नुसते उभे राहतील. पण ऑर्गन सुरू झाला आणि वर्षानुवर्षांच्या सवयीनं पाळकांचं तोंड उघडलं. हात वर गेले, मान तिरपी झाली, ओठ हलू लागले. आवाज अजिबात नव्हता. पहिल्या कडव्यात लोक सावरून बसले. दुसऱ्यात रुमाल निघाले. तिसऱ्या कडव्याच्या दुसऱ्या ओळीच्या अखेरीस, ठरल्या जागी, तीन चतुर्थांश हुंदके पडले.

दारात लोकांनी पाळकांचे हात धरून सांगितलं की आज आवाज काय लागला होता. एका काकांच्या मते वरचा सूर असा कधीच लागला नव्हता.

घरी आल्यावर पाळकीणबाईंनी पर्स टेबलावर ठेवली आणि नवऱ्याकडे वळल्या.

“अहो, तुम्ही गायलाच नाहीत ना?”

पाळकांनी मान हलवली.

“मग मी का रडले?”

पाळकांनी उत्तर दिलं नाही. (डॉक्टरांनी मनाई केली होती.)

पंचकमिटीची तातडीची सभा भरली. आवाज गेल्याचं ऐकून सभेच्या तोंडचं पाणी पळालं. मग कुणीतरी लक्षात आणून दिलं की उपासना होऊन गेली आहे आणि लोक रडून घरी पोचलेत. ठराव एकमतानं झाला: ‘पाळकांच्या आवाजाअभावी मंडळीच्या आत्मिक प्रगतीत कोणताही फरक पडलेला नसल्यामुळे, पाळकांनी निश्चिंत मनानं संपूर्ण विश्रांती घ्यावी आणि दर रविवारी गात राहावं.’

पुढच्या रविवारपासून माइक बंद ठेवण्यात आला, कारण त्याची खरखर गाण्याच्या मध्ये येत होती. त्यानंतर संदेशही बिनआवाजी झाला. प्रतिक्रिया उत्तम होत्या. विषय खोल होता, असं बहुतेकांचं मत पडलं. एक बाई म्हणाल्या, आज ते सरळसरळ माझ्या जावेवरच बोलले, बरं झालं. जाऊबाई म्हणाल्या, मलाही तसंच वाटलं, म्हणजे हिच्यावर. पाळक आवाजासह बोलत होते तेव्हा त्यांना एवढं कुणी समजून घेतलं नव्हतं.

पाळकीणबाईंचं म्हणणं, वाईट काय आहे, अशी नोकरी माणूस मेल्यावरही करू शकतो. त्या हसल्या. पाळक बूट न काढता पलंगाच्या कडेवर बसून राहिले. मग त्यांनी आपल्या कानाला बोट लावलं, आणि पंजा उघडून हवेत झटकला: कुणीच नाही. एवढी वर्षं, एकानंही नाही. पाळकीणबाईंनी हसू आवरलं आणि त्यांच्या शेजारी बसल्या. आपण सांगितलेलं एकदा तरी एका तरी माणसानं करावं, एवढीच त्या माणसाची इच्छा होती. गायकाच्या मानानं ती माफक होती. पाळकाच्या मानानं जरा जास्तच.

त्याच सुमारास ताईंनी शिवणक्लास बंद करून दुसऱ्या गावी, लेकीकडे कायमचं राहायला जायचं ठरवलं. मशिनं बांधली गेली. येणारा रविवार त्यांचा शेवटचा होता. पंचकमिटीनं निरोपाचा कार्यक्रम ठेवला आणि त्यात खुद्द अध्यक्षांच्या सूचनेवरून तिसरं कडवं दोनदा घ्यायचं ठरलं.

पाळकीणबाई एकट्याच डॉक्टरांकडे जाऊन विचारून आल्या, एखादंच वाक्य बोलायचं असेल तर? डॉक्टर म्हणाले, माइकमध्ये कुजबुजायला सांगा, बघू.

रविवारी चर्च भरलेलं होतं. पाळक व्यासपीठावर आले, माइकवर वाकले आणि कुजबुजले. काही ऐकू गेलं नाही. माइक पंचकमिटीच्या ठरावानुसार बंद होता, आणि तो चालू करायचा तर दुसरा ठराव लागला असता. डोक्यावर पंखे घरघरत होते. लोकांनी कौतुकानं माना डोलावल्या. दोन-तीन रुमाल वेळेआधीच निघाले. पाळकांनी एकदा ऑर्गनकडे पाहिलं. पाळकीणबाईंनी ऑर्गन बंद केला आणि हात मांडीवर ठेवले.

मग पाळक ओरडले. तो आवाज भिंतीवरून पत्रा ओढल्यासारखा होता.

“फर्निचरवाले, उठा. ताईंच्या शेजारी जाऊन बसा. गाण्यात एवढंच आहे, बाकी काही नाही.”

शेवटच्या शब्दाला आवाज फाटला आणि संपला. तो पुन्हा आला नाही.

चर्चमध्ये एकाही डोळ्यात पाणी नव्हतं. असं आमच्याकडे पूर्वी कधी झालं नव्हतं. फर्निचरवाले उठले. लोकांना वाटलं, पाळकांना काढून टाकायला उठले. ते बाकाच्या पुढून चालत गेले आणि दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले.

“ताई, सरक जरा.”

“तू लहानपणापासून रुंदच बसतोस,” ताई म्हणाल्या, पण सरकल्या. थोड्या वेळानं समोर बघतच त्यांनी विचारलं, “आहे का अजून ती?”

“गोदामात आहे. पाय बसवलाय.”

“नीट?”

“बसून बघ ना चल. मी दुसऱ्या कुणाला बसू दिलं नाही.”

आणि उपासनेच्या शेवटच्या आशीर्वादाची वाट न बघता ती दोघं एकाच दारानं निघून गेली.

घडलेल्या प्रकाराचे परिणाम पंचकमिटीनं नंतर बारकाईनं तपासले. ते चिंताजनक होते. ताईंनी जाणं रद्द केलं. भाऊ-बहीण दर रविवारी सकाळी त्या खुर्चीवर आळीपाळीनं बसतात, कुणाची पाळी यावरून मनसोक्त भांडतात, आणि चर्चला येत नाहीत. रडायला काही उरलंच नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे मंडळीचे दोन सर्वोत्तम रडणारे एका वाक्यात गेले. शिवाय पुढच्या रविवारी आपलं नाव पुकारलं जाईल या भीतीनं इतरांची उपस्थिती घटली, विशेषतः त्या दोन जावांची. नव्या अध्यक्षांनी (बेकरीवाले, त्यांचा साडूशी अबोला आहे) परखड शब्दांत निष्कर्ष मांडला. संदेश ऐकू येणं ही गंभीर बाब आहे. आज दोघं सुधारली, उद्या चार सुधारतील, असंच चालू राहिलं तर बाकांचं करायचं काय?

पाळकांना सन्मानानं निवृत्त करण्यात आलं. निरोप समारंभात त्यांच्या तरुणपणीचं ध्वनिमुद्रण लावलं. तिसऱ्या कडव्याला सगळे ठरल्या जागी रडले. पाळक पाळकीणबाईंच्या शेजारी बसून हसत होते, अगदी खांदे हलेपर्यंत. तेही रडतायत असं समजून लोक आणखी रडले. त्यानंतर नवा पाळक नेमलेला नाही. ध्वनिमुद्रण आहे, ते वेळेवर सुरू होतं आणि कुणाचं नाव घेत नाही.

पण पाळकांची कारकीर्द संपली, असा कुणाचा समज झाला असेल तर तो चुकीचा आहे. त्यांनी आता बिनआवाजी धंदा सुरू केला आहे. ते लोकांच्या दाराची बेल वाजवतात. दार उघडलं की ते काही बोलत नाहीत, बोलता येतही नाही. ते फक्त बाजूला सरकतात. त्यांच्या मागे, जिन्यात, ती व्यक्ती उभी असते जिच्याशी तुमचं बोलणं बंद आहे. तिच्या मागे पाळकीणबाई, थर्मासमध्ये चहा घेऊन. यशाचं प्रमाण मध्यम आहे. बरीच दारं तोंडावर आपटतात, काहींच्या मागे टीव्हीचा आवाज एकदम कमी होतो आणि कुणी श्वास रोखून उभं राहतं. पण काही उघडतातही, आणि मग चहा कमी पडतो.

लोक विचारतात, पाळकांना हे पत्ते देतं कोण? पत्ते तीच व्यक्ती देते. ती स्वतः पाळकांकडे आलेली असते. म्हणजे बेल वाजली, याचा अर्थ तिनं पहिलं पाऊल टाकलं, आणि इतकी वर्षं तुम्ही जपून ठेवलेला मोठेपणा दार उघडण्याआधीच तिच्या खिशात गेला. ही नामुष्की टाळायचा उपाय एकच, आपणच आधी जाणं. तो कुणी करत नाही, म्हणून इथे सांगून टाकायला हरकत नाही.

असो. हे वाचताना तुमच्या मनात एक नाव आलं असेल. मी विचारलं नव्हतं.