चालू, स्थिर आणि साहेबांची पाठ

बिझनेस फायनान्स हा विषय आमच्या वर्गात माझ्याइतका कुणाचाच पक्का नाही. बाकीची पोरं तो पहिल्यांदा शिकतायत. मी दुसऱ्यांदा.

त्यामुळे शिवयोगी सरांनी "एखाद्या खऱ्या धंद्यात जा, तिथल्या मालमत्तेचं वर्गीकरण करा आणि फोटो लावून प्रकल्प आणा," असं सांगितलं, तेव्हा वर्गात मी एकटाच निवांत होतो. व्याख्या तोंडपाठ होत्या. जिचे वर्षाच्या आत पैसे होतात ती चालू मालमत्ता. जी वर्षानुवर्षं धंद्यात राहते ती स्थिर मालमत्ता. आणि जी डोळ्यांना दिसत नाही, पण जिच्यामुळं धंद्याचा फायदा होतो, ती अमूर्त मालमत्ता. या तिसरीचं उदाहरण म्हणून मागच्या परीक्षेत मी 'भूत' लिहिलं होतं. सरांनी ते मान्य केलं नाही.

खरा धंदा घरातच होता. गुरुशांत मामांचा सोलापुरात, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे. मी मामांकडं गेलो.

"मामा, तुमची मालमत्ता बघायची होती."

मामांनी चहाचा कप खाली ठेवला. "तुझ्या आईनं पाठवलंय?"

"नाही, कॉलेजनं."

"माझ्या मालमत्तेत कॉलेजचा काय वाटा रे?"

समजावून सांगायला अर्धा तास गेला. शेवटी मामा म्हणाले, "सोमवारी ये. पण त्याच दिवशी पुण्याचे इंद्रजीत साहेब येणार हाईत. कशाला हात लावायचा नाही!"

"हात नाही लावत. नुसते स्टिकर लावतो."

दुसरं वाक्य मामांना ऐकू गेलं नाही. तेवढ्यात इंद्रजीत साहेबांचाच फोन आला होता.

हे इंद्रजीत साहेब म्हणजे पुण्यातल्या एका मोठ्या हॉटेलवाल्यांचे खरेदी अधिकारी. मामा दिवाळीपासून त्यांच्या मागं होते. ऑर्डर मिळाली तर कारखान्याला वर्षभर बघायला नको. नाही मिळाली तर दुसरी पाळी बंद करायची, हे मामींना माहीत होतं. मामींना माहीत होतं म्हणजे कारखान्यालाही माहीत होतं. साहेबांची अट एकच होती. "मला चालू माग बघायचेत." कुणीतरी त्यांना सुट्टीच्या दिवशी दुसऱ्याचाच बंद कारखाना आपला म्हणून दाखवला होता. तेव्हापासून ते चालू माग बघितल्याशिवाय कुणावर विश्वास ठेवत नव्हते.

सोमवारी सकाळी पाळी बदलत होती. माग थांबलेले, कामगार बाहेर चहाला. अशी संधी पुन्हा येणार नव्हती. मी पिवळे स्टिकर काढले आणि जाड मार्करनं कामाला लागलो. प्रत्येक मागावर 'स्थिर'. सुताच्या कोनांवर, म्हणजे शंकूसारख्या रिळांवर, 'चालू'. ऑफिसातल्या टॉवेलांच्या गठ्ठ्यांवर 'चालू'. वॉचमन खुर्चीत झोपला होता. त्यालाही 'स्थिर' लावायचा मोह झाला, पण माणूस ही मालमत्ता नसते, हे प्रकरण दोनमध्ये स्पष्ट दिलंय.

फोटो काढले आणि मी शर्ट खोचून साहेबांच्या स्वागताला गेटवर उभा राहिलो.

साहेब आले. पांढराशुभ्र शर्ट, चेहऱ्यावर संशय. मामांनी ओळख करून दिली, "हा आमचा भाचा संगमेश. फायनान्सचा हाय!"

ऑफिसात साहेबांनी टॉवेल चोळून बघितला, ओढून बघितला. मग "अंगाला कसा लागतो बघू," म्हणून गठ्ठ्यांना पाठ टेकून निवांत रेलले. उठले तेव्हा त्यांच्या पाठीवर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं : चालू.

मी ताबडतोब पाऊल उचललं. हळूच मागं जाऊन स्टिकरला हात घातला. साहेबांनी गर्रकन मान वळवली. माझा हात त्यांच्या पाठीवर. मी दोनदा थोपटून म्हणालो, "वेलकम टू सोलापूर."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं आणि भिंतीच्या कडेनं चालायला लागले.

मामांचा कारखाना आधी ऐकू येतो, मग दिसतो. आज तो नुसताच दिसत होता. आत गेलो तर सगळे माग बंद. कामगार आपापल्या मागाशेजारी हाताची घडी घालून उभे, जणू कुणाला तरी श्रद्धांजली वाहायची आहे.

"महेश्वर!" मामा ओरडले. महेश्वर म्हणजे आमचा जॉबर. माग दुरुस्त करणं, सुरू करणं, सगळं त्याच्याकडं. "माग का बंद?"

"मालक, चिठ्ठ्या हायत की."

आमच्या कारखान्यात एक नियम आहे. माग बिघडला की त्यावर चिठ्ठी लागते. ती निघेपर्यंत मागाला कुणी हात लावायचा नाही. हा नियम मामांनीच केलेला. आणि तो मोडलेला त्यांनी कधीच खपवून घेतलेला नाही.

"काय लिवलंय चिठ्ठीत?"

"स्थिर! म्हंजी हलवायचं न्हाय. समद्यांवर हाय."

"आन सुतावर?"

"सुतावर चालू लिवलंय. आता सूत कसं चालू करायचं, कुणालाच कळंना. म्हनून थांबलो की!"

मामा माझ्याकडं वळले. मामा रागावले की कानडीत जातात. "एन माडिदी रे?" म्हणजे, काय केलंस रे?

"वर्गीकरण," मी म्हणालो.

तेवढ्यात मागून हसण्याचा आवाज आला. टॉवेलांची घडी घालणाऱ्या बजाबाई साहेबांची पाठ वाचत होत्या. "अगं बया! सायेब चालू हायत म्हनं!"

"तुमाला कुणी सांगितलं?" शेजारच्या बाईनं विचारलं.

"सांगायचं कशाला? लिवूनच आल्यात की!"

साहेबांना वाटलं, मागांबद्दल चाललंय. ते घड्याळ बघत म्हणाले, "गुरुशांतराव, मी फोनवर एकच सांगितलं होतं. चालू माग दाखवा."

मामांचा धीर सुटला. "महेश्वर! ते स्थिर काढ आन चालू लाव! चालू लाव लवकर!"

महेश्वर सांगितलेलं काम करणारा माणूस. त्यानं पहिल्या मागावरचं 'स्थिर' काढलं. मग 'चालू' शोधायला इकडंतिकडं बघितलं. सगळ्यात जवळचं साहेबांवर होतं.

"जरा वळा, सायेब," म्हणत त्यानं ते टर्रकन उपटलं, मागावर चिकटवलं आणि खटका दाबला. त्याचं बघून बाकीच्यांनीही चिठ्ठ्या काढून आपापले माग सुरू केले. शेड धडधडायला लागली.

साहेब मागावर चिकटलेल्या स्टिकरकडं बघत होते. त्यांचे ओठ हलले. बहुतेक "हे माझ्या पाठीवर होतं?" असं काहीतरी असावं. मामांनी मला कोपरानं ढोसलं. विषय फायनान्सचा होता, उत्तर मीच द्यायला हवं होतं.

"साहेब, चालू म्हणजे वाईट नाही!" मी ओरडलो.

"काय?"

"चालू म्हणजे, वर्षाच्या आत..."

"ऐकू येत नाही!"

मी छाती भरून श्वास घेतला. दोघं उगाच घसा फोडतायत, हे बघून महेश्वरनं सौजन्यानं मेन स्विच बंद केला. आणि त्या नीरव शांततेत माझा आवाज खणखणीत घुमला, "वर्षाच्या आत तुमचे पैसे होतात!"

वॉचमन जागा झाला.

"म्हणजे मी पैसे खातो?" साहेबांनी अगदी हळू विचारलं.

"येक वरीस?" बजाबाई पुटपुटल्या. "लई सावकाश खातायत की."

मामा पुन्हा कानडीत गेले.

मी मग प्रकरण दोन पहिल्यापासून सांगितलं. चालू, स्थिर, अमूर्त, व्याख्यांसकट. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं.

"कितवं वर्ष?"

"पहिलं."

"कितव्यांदा?"

"दुसऱ्यांदा."

साहेबांनी मान डोलावली. मग महेश्वरला माग सुरू करायला सांगितलं, प्रत्येक मागापाशी थांबून कापड बघितलं आणि ऑफिसात येऊन बसले. या वेळी खुर्ची आधी हातानं चाचपून.

"गुरुशांतराव, कारखाना तुमचाच आहे, याची खात्री पटली."

"कशावरनं, साहेब?"

"दुसऱ्याच्या कारखान्यात एवढा गोंधळ कुणी घालू देणार नाही. ऑर्डर देतो. पण एका अटीवर. माझा माल पूर्ण होईपर्यंत हा मुलगा इथं दिसता कामा नये."

"कोण, हा?" मामा माझ्याकडं पहिल्यांदाच बघितल्यासारखं बघत म्हणाले. "आमचा न्हवंच हा, साहेब!"

संध्याकाळी मामांचा फोन आला. आवाज खुशीत होता.

"संग्या, ते तिसरं काय म्हणालास रे? दिसत नाही, पण धंद्याचा फायदा होतो ते?"

"अमूर्त मालमत्ता, मामा."

"हां. तू तेच हो."

मी प्रकल्पात प्रामाणिकपणे लिहिलं, 'अमूर्त मालमत्तेचं उदाहरण : कारखान्यात नसलेला मी.' शिवयोगी सरांनी त्यावर बरोबरची खूण केली आहे. दोन वर्षांत पहिल्यांदाच. आणि पहिल्या पानावर लाल शाईत शेरा मारला आहे : 'विद्यार्थी चालू आहे.'

कोणत्या अर्थानं, ते विचारायला मी अजून गेलेलो नाही.